विज्ञान शिकवणाऱ्या डॉक्टरने देवाधर्म पाळणं हे ढोंग नाही का?

तुम्ही लिहिलंय की बीडीएसच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आहात, तुमचे ओरल सर्जरीचे, म्हणजे तोंडातल्या शस्त्रक्रियांचे, सर कपाळाला गंध लावून ओपीडीत येतात, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतात आणि स्वतः मात्र चतुर्थीचा उपास सोडत नाहीत. हे ढोंग वाटतं, आणि अशा लोकांत पुढे एमडीएस, म्हणजे त्यातलंच पदव्युत्तर शिक्षण, करून शिकवायला जावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

ढोंग नाही. आणि हे मी जरा तावातावानंच सांगणार आहे, कारण हाच आरोप मी वर्षानुवर्षं ऐकलाय.

मीही ओरल सर्जरी शिकवते. गळ्यात तुळशीची माळ आहे, लग्नाच्या आधीपासून. वडील लालबागला गिरणीत होते, गाव फलटण तालुक्यातलं, पालखीच्या वाटेवरचं. चाळीत दर एकादशीला भजन असायचं. १९८२ चा संप सुरू झाला, घरात पगार येईना, तरी ते भजन कधी चुकलं नाही. त्याच घरात वडिलांनी मला डेंटल कॉलेजच्या फीसाठी गावची जमीन गहाण ठेवून शिकवलं. देव आणि पुस्तकं यांत काही भांडण असतं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

२००५ साली उपनगरातल्या एका खाजगी डेंटल कॉलेजात व्याख्याती होते. नाव सांगणार नाही. आमच्या विभागप्रमुखांनी परिपत्रक काढलं की क्लिनिकमध्ये अंगावर धार्मिक चिन्हं नकोत. मी म्हटलं, चालेल, सगळ्यांची काढा. तर मंगळसूत्रं राहिली. एका सरांची खड्याची अंगठी राहिली, तीही ग्लोव्हच्या आत, जिथे ती खरोखर नको. खुपली ती फक्त माझी माळ, जी ॲप्रनच्या आत असायची आणि कुणाला दिसायचीही नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "मंगळसूत्र सगळ्याच बायका घालतात. माळ बघून पोरांना वाटेल, मॅडम देवाच्या भरवशावर दाढा काढतात." मी माळ काढली नाही. मग माझ्या रजेच्या अर्जावर, माझ्या पोस्टिंगच्या वेळांवर काय काय झालं ते इथे सांगत बसत नाही.

त्याच वर्षी २६ जुलै आला.

मुंबईत राहणाऱ्यांना त्या दिवसाचं वेगळं सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७३. शहराची गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबानं बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. आणि दुपारी चारच्या सुमाराला समुद्राला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. मिठी नदीचं पात्र भराव घालून, बांधकामं करून आपणच आवळलेलं. पुढे या पुराची कारणं शोधायला नेमलेल्या चितळे समितीनं ते सगळं कागदावर मांडलं. आमचं कॉलेज मिठीपासून फार लांब नव्हतं आणि आमची ओपीडी तळमजल्यावर होती.

एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे दात काढायच्या, खुर्चीत त्या वेळी बैलबाजारकडचे एक वयस्क बाबा होते. उजवीकडची खालची पहिली दाढ, आमच्या क्रमांकात ४६, पार किडलेली. नांदेडकडची एक इंटर्न ती काढत होती. फोर्सेप्समध्ये, म्हणजे दात काढायच्या चिमट्यात, दाढेचं डोकं मोडलं, दोन्ही मुळं आत राहिली, आणि तेवढ्यात वीज गेली. खुर्चीवरचा दिवा गेला, कॉम्प्रेसर थांबला, रक्त-लाळ ओढून घेणारं सक्शन बंद. दारातून पाणी आत यायला लागलं होतं. आम्ही बाबांना धरून दुसऱ्या मजल्यावर डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये नेलं, मागोमाग ट्रे, स्टराईल गॉजचा डबा, टाक्यांची पाकिटं. साध्या लाकडी खुर्चीत त्यांना बसवलं, मान भिंतीला टेकवली.

अर्धवट मोडलेली दाढ घेऊन त्यांना तसंच ठेवता आलं असतं का? आलं असतं. पण भूल उतरल्यावर उघड्या पडलेल्या मुळांचं ठणकणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे, आणि ती रात्र किती लांबणार याचा कुणालाच अंदाज नव्हता. भूल अजून चांगली धरून होती. मी ठरवलं, आत्ताच काढायची, आणि इंटर्ननंच काढायची.

इथे मला शिकवण्याबद्दल बोलायचंय. एका मुलानं नोकियाचा टॉर्चवाला मोबाईल धरला होता, पण खालच्या दाढेच्या खड्ड्यात रक्त भरलं की त्या उजेडात काय दिसणार? ती म्हणाली, "मॅडम, मूळ दिसत नाहीये." मी म्हटलं, "नाही दिसलं तरी चालेल. डाव्या हाताला काय लागतंय ते सांग." आपण विद्यार्थ्यांना उजव्या हाताचं सगळं शिकवतो, कुठला एलिव्हेटर, म्हणजे मूळ उचकटायचं हत्यार, कुठल्या दिशेनं, किती जोर. डावा हात नुसता गाल बाजूला धरायला आहे असं निम्म्या पोरांना वाटतं. मी पहिल्या दिवसापासून डाव्या हातावर भर देते. अंगठा आणि बोट हाडाच्या दोन्ही बाजूंना, जबड्याला खालून आधार. हाड सरकतंय का, मूळ हललं का, हत्यार निसटायच्या बेतात आहे का, हे सगळं आधी त्या बोटांना कळतं. कॉलेजात माझी त्यावरून टिंगल व्हायची की मॅडमना डाव्या हाताचं वेड आहे. त्या मुलीनं अंधारात एक मूळ सैल करून बाहेर काढलं, मग रिकाम्या खड्ड्यातून क्रायर नावाचा एलिव्हेटर घालून मधलं हाड आणि दुसरं मूळ एका वळणात उचललं. सक्शन नाही, नुसता गॉज. दोन्ही मुळं टोकासकट पूर्ण आली. मी हत्याराला हात लावला नाही, फक्त तिच्या कोपराशी उभी होते.

शिकवणं म्हणतात ते हे. स्लाइड दाखवायला कोणीही चालतं.

संध्याकाळी खरा त्रास सुरू झाला. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत होते, खड्ड्यातलं रक्त थांबेना. गॉज बदलून बदलून दाबत होतो, तरी झिरपत होतं. टाका घालायला हवा होता. आणि माझे हात थरथरत होते. माझा मुलगा सकाळी शाळेत गेला होता, फोन लागत नव्हता, खिडकीतून खाली बघितलं तर छातीएवढ्या पाण्यातून आमचे केसपेपर तरंगत चालले होते. मला कोणी म्हणालं असतं की शांत व्हा, तर मी झाले नसते. मी भिंतीकडे तोंड केलं आणि हरिपाठ म्हणायला लागले, तोंडातल्या तोंडात, लहानपणापासून पाठ आहे तसा. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. हात थांबले. मग वळले, सिल्कचा धागा घेतला, टॉर्चच्या उजेडात हिरडीला आठाच्या आकड्याचा टाका घातला आणि वर गॉज चावायला दिला. रक्त थांबलं.

हे सगळं विभागप्रमुखांच्या देखत झालं. आणि त्यांचंही सांगायला हवं, कारण ते त्या रात्री फार मोठेपणानं वागले. संध्याकाळी काही मुलं चालत निघायच्या तयारीत होती. बाहेर उघडी मॅनहोल, पाण्यात उतरलेला वीजप्रवाह, काय वाट्टेल ते होतं. सर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि रात्रभर एकाही विद्यार्थ्याला खाली उतरू दिलं नाही. मुलं चिडली, एकानं शिवी दिली, ते हलले नाहीत. ते पक्के नास्तिक. त्यांना तिथे बसायला देव लागला नाही. मला टाका घालायला लागला. एवढंच आहे ते, यात कोण वरचढ असा प्रश्नच येत नाही.

पण सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या सुट्टीनंतर, त्यांनी भरवर्गात पोरांना सांगितलं की त्या रात्री आपल्याला विज्ञानानं तारलं, कुणाच्या माळेनं नाही. मी मागच्या बाकाशी उभी होते. तेव्हा बोलले नाही, नोकरी नवी होती. आता बोलते. सर, माळेनं तारलं असं मी कधी म्हटलं होतं? त्या रात्री साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्यांतली माणसं गाडली गेली. बंद काचांच्या गाडीत लोक गुदमरून गेले. त्यांतही माळकरी असतील, नमाजी असतील, रोज देवळात जाणारे असतील. "देवानं आम्हांला वाचवलं" हे वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही आणि माझ्यासमोर कोणी उच्चारलं तर मला राग येतो, कारण मग त्या बाकीच्यांचं काय? पाणी मिठी आवळल्यानं भरलं आणि भरती ओसरल्यावर उतरलं. रक्त टाक्यानं थांबलं. पण टाका घालणारा हात कशानं स्थिर झाला, हे तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आणि टाका मीच घातला होता, सर.

(मुलगा सुखरूप होता. शाळेनं मुलांना रात्री वर्गातच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी पोचले तेव्हा तो खिचडी खात होता.)

पुढचे महिने कंटाळवाणे आणि कष्टाचे गेले. खुर्च्या, कॉम्प्रेसर, सगळं चिखलात. ऑगस्टमध्ये लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ आली, आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन वस्त्यांमध्ये डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटायला गेलो. तिथे "दाताचे डॉक्टर का आलेत" असं विचारणारेही भेटले. सगळ्यात जास्त मला केसपेपरचं लागलं. लोकांना वाटतं, दातांची नोंद गेली तर गेली, काय बिघडलं. त्याच्या सातच महिने आधी त्सुनामी येऊन गेली होती, आणि थायलंडमध्ये शेकडो मृतदेहांची ओळख दातांच्या नोंदींवरून पटवत होते. आमच्याकडच्या त्या नोंदींचा लगदा झाला होता. तेव्हापासून माझ्या हाताखालचा विद्यार्थी चार्टिंग, म्हणजे दातांची नोंद, अर्धवट ठेवून खुर्चीवरून उठूच शकत नाही. रोज कुरकुर होते. होऊ दे.

आता तुमच्या सरांकडे. त्यांचं गंध आणि चतुर्थी सोडा. ते ऑटोक्लेव्हचा इंडिकेटर, म्हणजे हत्यारं नीट निर्जंतुक झाली की नाही ते, बघतात का? विद्यार्थी दाढ काढत असताना खुर्चीपाशी उभे असतात की केबिनमध्ये चहा घेत? तुम्ही "का" विचारलंत तर उत्तर देतात की "आम्ही असंच करत आलो" म्हणून गप्प करतात? शेवटचं करत असतील तर ते वाईट शिक्षक आहेत, गंध असो नसो. आणि जे स्वतःला पुरोगामी म्हणवतात त्यांच्यातही "आम्ही असंच करत आलो" वाले मी भरपूर पाहिलेत.

अर्थात काही गोष्टी अजिबात चालणार नाहीत आणि त्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. ग्लोव्हच्या आत अंगठी, धागा, गंडा काही नको. माझी माळही गाऊनच्या आत असते. रुग्णाला औषधाऐवजी अंगारा सांगणारा डॉक्टर असेल तर त्याची तक्रार करा, मागेपुढे बघू नका. विभागात आरतीला हजर राहिलं नाही म्हणून व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मार्क कापणारे असतील तर तेही तितकंच वाईट. माझ्या वर्गात नमाज पढणारी, चर्चला जाणारी, काहीच न मानणारी मुलं असतात. माझा हरिपाठ त्यांच्या कानावर जायचं काही कारण नाही आणि जातही नाही. शिवाय माझं सगळं एका रात्रीवरून आणि एका भांडणावरून आलेलं आहे, हेही धरून चाला.

शिकवण्यात पडावं का? पैशासाठी नको. खाजगी कॉलेजांतला पगार चांगल्या चाललेल्या दवाखान्याच्या जवळपासही जात नाही, आणि कधी कधी वेळेवरही येत नाही. आम्ही बहुतेक जण संध्याकाळी आपला दवाखाना चालवतो. ज्याची प्रॅक्टिस चालत नाही तो शिकवतो, असं तुम्हाला सासरचे-माहेरचे सगळे ऐकवतील. माझे दीर मला अजूनही ऐकवतात. पण दुसऱ्याच्या हातातून काम होताना स्वतःचा हात मागे ठेवायला जमत असेल, दहा मिनिटांचं काम पाऊण तास बघत उभं राहता येत असेल, तर जरूर या. ते जमत नसेल तर दोघांचंही नुकसान.

ओरल सर्जरीच घ्यायची असेल तर इंटर्नशिपमध्ये ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण झाल्यावरही एक्स्ट्रॅक्शनच्या खुर्चीपाशी थांबत जा. आणि गंधाबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर सरांनाच जाऊन विचारा. त्यांच्यामागे माझ्यासारख्या तिऱ्हाईताला विचारण्यापेक्षा ते बरं, आणि बहुधा ते सांगतील.