ख्रिस्ती शिक्षक म्हणून मुलांसाठी वेगळं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ख्रिस्ती आहात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलला नुकतेच लागलात, वर्गात जवळजवळ सगळी मुलं हिंदू आहेत आणि त्यांच्या वाढीसाठी ख्रिस्ती शिक्षकाने काय करावं हे कळत नाही. मी स्वतः ख्रिस्ती, बेळगावचाच, आणि बरीच वर्षं याच भागात गणित शिकवतोय.

माझं सगळं शिकवणं बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायावर उभं आहे. आंधळा बार्तीमय येशूला हाका मारतो. त्याला काय हवंय ते गर्दीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आपण शिक्षक नेमका हाच प्रश्न गाळतो. मूल मागे पडलं की जादा तास, नाहीतर पालकांना निरोप. उपाय आधीच ठरलेला असतो.

आमच्याकडे आठवीला जांबोटीकडचा एक मुलगा आला. गणितात तल्लख, पण कन्नडच्या तासाला मान खाली. घरी-दारी फक्त मराठी. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्यासाठी काय करू? तो म्हणाला, "सर, दिवाळीपर्यंत मला उभं करून वाचायला लावू नका." एवढंच. कन्नडच्या बाईंना सांगितलं. त्या मधल्या सुट्टीत त्याच्याकडून एकट्याकडून वाचून घ्यायला लागल्या. दिवाळीनंतर तो वर्गात वाचायला लागला, अडखळत का होईना. त्याची अडचण कन्नडपेक्षा हसणाऱ्या पोरांची जास्त होती, आणि ते त्याला विचारल्याशिवाय मला कळलं नसतं.

धर्माबद्दल स्पष्ट सांगतो. वर्गात प्रचार करू नका. राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात सामील करता येत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं: मूल तुमच्यासमोर बसलंय ते त्याच्या आईबापांच्या विश्वासावर. कुणी विचारलं, "सर, तुम्ही चर्चला का जाता?" तर मात्र टाळू नका, खरं उत्तर द्या.

ख्रिस्ती शिक्षकांवरचा पालकांचा हा विश्वास आपल्या भागात जुना आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये बेळगावात आले. कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल 1856 सालचं. म्हणून ख्रिस्ती शिक्षक म्हटलं की पालक शिस्तीची अपेक्षा धरतात. "सर, मारा, पण शिकवा," असं हात जोडून सांगणारे बाप तुम्हालाही भेटतील. ऐकू नका. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, आणि चारचौघांत केलेला अपमान छडीपेक्षा खोल जातो. शिस्त आधी स्वतःची. सोमवारी वह्या तपासून देतो म्हणालात तर सोमवारीच द्या.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडची मुलं उशिरा येतील, कधी बसच येणार नाही. हजेरी घेताना त्यांच्यावर ओरडू नका. बुडलेला धडा कधी भरून घ्यायचा, हे त्यांनाच विचारा. शक्य झालं तर दिवाळीच्या आत एकदा त्यांच्या गावी जाऊन या, बसनेच.