माकड, काळी आणि आठ सामने

"ताई, आमचा चौदा वर्षांचा मुलगा फूटी, म्हणजे इथली रग्बी लीग, खेळतो. गेल्या शनिवारी भर मॅचमध्ये चिडून तो समोरच्या एका मुलाला 'मंकी' म्हणाला. तो मुलगा अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आहे हे आमच्या पोराला माहीतसुद्धा नव्हतं. चार आठवडे बंदी आली. हे म्हणतात वकील बघू, अपील करू. आम्ही तर त्याला तो रांगत होता तेव्हापासून लाडाने माकडच म्हणतो. मैदानावरचं मैदानावरच सोडायला नको का?"

सिडनीच्या वेस्टमीडहून आलेलं हे पत्र चार पानी आहे. त्यात सासूबाई आहेत, हीटर आहे, मराठी न बोलणारा मुलगा आहे. त्यांच्याकडे शेवटी वळते. आधी हे.

वाचून मला तुमच्यासाठी खरंच वाईट वाटलं. शनिवारी अंधारात उठायचं, माऊथगार्ड शोधायचा, डबाभर संत्री कापून मैदान गाठायचं, आणि सोमवारी क्लबच्या ईमेलमध्ये पोटच्या पोराच्या नावापुढे 'वर्णद्वेषी शेरेबाजी' असं वाचायचं. पोटात गोळा येणारच. पण अपील? अहो, कशाच्या जोरावर?

तुमच्या घरात फूटी चालते, म्हणजे २०२४ च्या मार्चमधलं लास व्हेगासचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असणार. एनआरएलने, म्हणजे रग्बी लीगच्या इथल्या सर्वात मोठ्या साखळीने, हंगामाचा नारळ तिकडे फोडला, आणि सामन्यात रूस्टर्सच्या स्पेन्सर लेनियूने ब्रॉन्कोसच्या एझ्रा मॅमला हाच शब्द वापरला. मॅम टॉरेस स्ट्रेटच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या, मूळ रहिवाशांपैकी. त्याने तिथल्या तिथे रेफरीकडे तक्रार केली. लेनियूने सामन्यानंतर ते हसण्यावारी नेलं: मैदानावरची मजा, चालायचंच. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आणि त्याचं वाक्य शेजारी ठेवून बघा.

काही दिवसांत त्याचं हसू मावळलं. जाहीर माफी मागितली, आरोप कबूल केला. धोकादायक टॅकलसारख्या चुकांचे दर्जे आणि शिक्षा ठरलेल्या असतात. चूक लवकर मान्य केली की शिक्षा थोडी कमी होते. या प्रकरणाला तसलं दरपत्रक लावलं नाही. खेळभावनेला न शोभणारं वर्तन म्हणून थेट जुडिशरीपुढे, म्हणजे साखळीच्या शिस्त मंडळापुढे, नेलं. तिथे लेनियूचं म्हणणं असं पडलं, की मी सामोअन, तो टॉरेस स्ट्रेटचा, दोघंही सावळेच. त्यात वर्णद्वेष असेल असं डोक्यातच आलं नाही. वकिलांनी शिक्षा कमी मागितली. मिळाली आठ सामन्यांची बंदी. साखळीत एका संघाचे सामने असतात चोवीस. म्हणजे हंगामाचा तिसरा हिस्सा घरी.

हे सगळं सांगायचं कारण, 'आपणही सावळेच की' हा बचाव तुमचे यजमान मांडणार हे मी लिहून देते. आपल्यातला प्रत्येक जण मांडतो. आपल्याला इथे 'करी' म्हणून चिडवलंय, ट्रेनमध्ये आपल्या शेजारची सीट रिकामी राहिलीय, म्हणून आपल्या तोंडून वर्णद्वेष निघूच शकत नाही अशी आपली पक्की समजूत. सोसलेलं सगळं जमा म्हणून धरायचं आणि त्यातून परस्पर वळतं करून घ्यायचं, हा आपला हिशेब. जुडिशरीने तो मानला नाही. तुमच्या क्लबनेही मानला नाही, आणि बरं केलं.

हेतू नव्हता, हे मला मान्य. पण इथल्या मूळ रहिवाशांना तो शब्द नुसती शिवी म्हणून ऐकू येत नाही. त्यांच्या पूर्वजांच्या कवट्या आणि हाडं इथून बोटीने इंग्लंडच्या संग्रहालयांत गेली, ही माणसं माकडाच्या जवळची, खालच्या पायरीवरची, हे 'शास्त्राने' सिद्ध करायला. त्यातली परत आणण्याचं काम अजून चाललंय. तुमच्या पोराला हे ठाऊक नव्हतं. समोरच्या पोराला मात्र घरी आजीने सांगितलेलं असणार.

आणि आपण या बाबतीत फार शहाणे होतो असंही नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्र्यू सायमंड्सला आधी बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव करून दाखवले. त्यानंतर जानेवारीत सिडनीची कसोटी, सायमंड्सला तोच शब्द वापरल्याच्या आरोपावरून हरभजनवर तीन सामन्यांची बंदी, अपिलात सचिनची साक्ष. वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही, नुसत्या शिवीगाळीसाठी अर्धी मॅच फी कापली. त्या रात्री आमच्या घरी दहा-बारा मराठी माणसं जमली होती. आमचे हे सोफ्यावरून उठून गर्जले, "आम्ही मारुतीला शेंदूर लावतो, माकड ही आमच्याकडे शिवी होईलच कशी?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वानखेडेच्या स्टँडमधले ते लोक काय मारुतीस्तोत्र म्हणत होते का, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

आता माझ्या नेहमीच्या मुद्द्यावर येते. जुने वाचक म्हणतील, आली म्हातारी जेवणाच्या टेबलावर. आलेच.

तुमच्या पत्रात, हीटरच्या भांडणात, एक वाक्य सहज पडलंय: "सासूबाई टीव्हीवर फूटी बघतात, त्या बेटांवरच्या धिप्पाड खेळाडूंना राक्षस म्हणतात, आम्ही पोट धरून हसतो, तेवढीच करमणूक." मी त्याखाली लाल रेघ मारली आहे. तुमचा मुलगा मैदानावर काही नवीन शिकला नाही. चिडल्यावर जीभ जे घरात हाताशी असतं तेच उचलते. मराठीत बोललं की कोणाला कळत नाही, या भरवशावर आपण परदेशात काय काय बोलतो! चिंकी, गोरा, हबशी, कल्लू. दुकानात त्या माणसाच्या तोंडासमोर बोलतो. आणि मागच्या सीटवर बसलेलं पोर सगळं ऐकत असतं.

२०१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या ऑरिजिन शिबिरात, म्हणजे क्वीन्सलंडविरुद्धच्या राज्य-सामन्यांच्या तयारीत, असंच झालं. अँड्र्यू जॉन्स, खेळातला केवढा मोठा माणूस, क्वीन्सलंडच्या अ‍ॅबोरिजिनल खेळाडू ग्रेग इंग्लिसबद्दल वर्णावरून काहीतरी बोलला. इंग्लिस तिथे नव्हताच. आपल्याच माणसांत चाललेलं बोलणं ते. पण संघातल्या टिमाना टाहूने ऐकलं, बॅग भरली आणि शिबिर सोडून निघून गेला. तोही अ‍ॅबोरिजिनल वंशाचा, त्याच्या कातडीला लागलं होतं. जॉन्सला प्रशिक्षकांच्या चमूतून बाहेर पडावं लागलं. ज्याच्याबद्दल बोललो तो खोलीत नव्हता, या सबबीला काडीची किंमत उरली नाही.

माझ्या घरी असा टाहू नव्हता. माझ्या घरी होती लेकीची मैत्रीण, फिजीची, पाचवीतली. फार गुणी पोर. येताना कधी रिकाम्या हाताने आली नाही, अंगणातली पपई तरी आणायची. आणि मी लेकीला स्वयंपाकघरातून विचारायची, "काळी येणार आहे का गं आज? मग चार पोळ्या जास्त टाकते." रोज. प्रेमाने, अगदी पोळीला तूप लावता लावता. लेक दहाव्या वाढदिवसाचं कार्ड घेऊन माझ्याकडे आली. आत इंग्रजीत शुभेच्छा, आणि खाली नावाच्या जागी त्या मुलीने जांभळ्या स्केचपेनने, इंग्रजी अक्षरांत, चार अक्षरं लिहिली होती: काळी. तिला वाटलं होतं, आंटीने आपल्याला मराठी नाव ठेवलंय. शेजारी एक फूल काढलं होतं.

लेक काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ते कार्ड माझ्या कपाटात आहे, पासपोर्टांच्या पाकिटात. मला कोणी चार आठवड्यांची बंदी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, असं आज सत्तरीला आल्यावर वाटतं.

म्हणून सांगते, वकिलाचे पैसे वाचवा. ती बंदी म्हणजे तुमच्या मुलाच्या आयुष्यावर डाग नव्हे. २०१३ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन रूल्स या दुसऱ्या फुटबॉलमध्ये, अ‍ॅबोरिजिनल खेळाडू अ‍ॅडम गुड्सला तेरा वर्षांची एक मुलगी 'एप' म्हणाली. त्याने बोट दाखवून तिला बाहेर काढायला लावलं, पण दुसऱ्या दिवशी सांगितलं, दोष तिचा नाही, ती ज्या वातावरणात वाढते आणि जे ऐकते त्याचा आहे. तिने फोन करून माफी मागितली. गुड्सचं ते बोलणं मला जॉन्सच्या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त लागलं, कारण ते थेट आईबापांना होतं.

क्लबमार्फत समोरच्या घरी विचारा, भेटायला चालेल का. नाही म्हणाले तर नाही. दारात जाऊन उभं राहू नका, केक तर मुळीच नेऊ नका. मग मुलाने स्वतः पत्र लिहावं, हाताने, चॅटजीपीटीला विचारून नव्हे. "तुला वाईट वाटलं असेल तर" ही ओळ दिसली की कागद फाडायचा. आणि क्लबची हरकत नसेल तर बंदीचे चारही शनिवार त्याला मैदानावर न्या. पाण्याच्या बाटल्या भरू दे. संत्री या वेळी यजमान कापतील.

घरातलं लाडाचं 'माकड' बंद करायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. नका करू. फक्त तो शब्द उंबऱ्याबाहेर काय होतो, ते एकदा त्याला समोर बसवून सांगा.

मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो: देऊ दे. तुम्ही मराठीतच विचारत राहा. माझी लेक पंचविशीनंतर मराठीत भांडायला लागली, आता थांबत नाही.

सासूबाईंचा हीटर: लावू द्या. इथली घरं पुण्यापेक्षा गार असतात, आणि माणूस सहा महिन्यांसाठी आलंय. बिल येईल ते येईल. मात्र हीटरसमोर बसून फूटी बघताना त्या खेळाडूंची नावं आजीला शिकवायचं काम नातवाकडे द्या. 'तुइवासा-शेक' त्यांना जमलं की मला कळवा.