फडक्यानं धरावं, काडीनं सोडावं
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

वाइप्स, मॉप, स्वॅब असल्या वस्तू घडवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. "काय करता?" असं कुणी विचारलं की मी सांगते, पुसायच्या आणि टिपायच्या वस्तू करते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे फडकी?" हो, फडकी. या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड होता. ज्यांवर सांगण्यासारखं काही होतं ती सहा पत्रं घेतली आहेत.

ताई, मी नमुने घेण्यासाठी नवा स्वॅब बनवला आहे. नेहमीच्या बोळ्याच्या दुप्पट कापूस आहे, त्यामुळे दुप्पट द्रव शोषला जातो. लॅबवाले मात्र बघायलाही तयार नाहीत. माझं काय चुकलं?

दुप्पट शोषतो, हे कबूल. परत किती देतो?

तुम्ही फडकं बनवलंत आणि त्याला स्वॅब म्हणताय, घोळ तिथेच आहे. दोन्ही पुसतात, पण त्यांची कामं उलटी. फडक्यानं जे उचललं ते घट्ट धरून ठेवायचं, पुन्हा टेबलावर सांडायचं नाही. स्वॅबनं उचललेलं सगळं बाटलीत सोडून द्यायचं. कापूस या बाबतीत कवडीचुंबक आहे. गुंडाळलेल्या तंतूंच्या आत द्रव शिरला की तिथेच बसतो, आणि लॅबला हवं असलेलं नेमकं त्यातच अडकतं.

घरच्या टेबलावर एक प्रयोग करा. काचेच्या तुकड्यावर ०.१ मिली रंगीत पाणी टाका आणि तुमच्या स्वॅबनं सगळं टिपून घ्या. तो स्वॅब १ मिली साध्या पाण्याच्या कुपीत बुडवा, दहा वेळा गरागरा फिरवा, कडेला दाबून बाहेर काढा. दुसऱ्या कुपीत तेवढंच रंगीत पाणी थेट टाका. दोन्ही कुप्या पांढऱ्या कागदासमोर धरा. पहिलीतला रंग जितका फिका, तितकं तुमच्या बोळ्यानं खाल्लं. मग हेच रंगीत ग्लिसरीन घेऊन करा, कारण नाकातला शेंबूड पाण्यासारखा वागत नाही. बहुतेक वेळा इथेच शोधकाचा चेहरा उतरतो. माझाही उतरला होता.

या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या कोपान कंपनीनं हे कोडं सोडवलं, तेही दुसऱ्याच धंद्यातली युक्ती उचलून. दागिन्यांच्या डबीला आतून मखमल लावतात ना, तिची लव एकेक करून चिकटवलेली नसते. गोंद लावलेला पृष्ठभाग विद्युत क्षेत्रात ठेवतात आणि नायलॉनचे बारीक तुकडे सोडतात. ते भारित होऊन उडतात आणि गोंदात उभे रुततात. हीच लव स्वॅबच्या टोकावर उभी केली. आत गाभाच नाही, त्यामुळे द्रव लपायला जागा नाही. तो तंतूंमध्ये केशाकर्षणानं थांबतो आणि कुपीतल्या द्रवात गेला की लगेच सुटतो. असे फ्लॉक्ड स्वॅब एकदा हातात घेऊन बघा, टोक चिमटीत धरलं तर मांजराच्या कानासारखं लागतं.

लॅबवाले बघतही नाहीत याचं आणखी एक कारण असू शकतं: तुमची काडी लाकडाची आहे का? लाकडातली द्रव्यं पीसीआर चाचणीत (जंतूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखतात ती) आडवी येतात, कॅल्शियम अल्जिनेट या समुद्री शेवाळातून काढलेल्या तंतूची टोकंही तसाच त्रास देतात. म्हणूनच २०२० च्या साथीत नाकाच्या नमुन्यासाठी कृत्रिम तंतूचं टोक आणि प्लास्टिकची किंवा तारेची काडी, असं बजावून सांगितलं जात होतं. तुमचा दुप्पट कापूस एखाद्या यंत्राच्या खाचेतलं तेल टिपायला मात्र उत्तम. त्या बाजारात जा.

पेटंट आधी घ्यावं की आधी चार जणांना दाखवावं?

आधी अर्ज. वस्तू उघडपणे दाखवली, विकली, तिचा व्हिडिओ टाकला की "नवीन" या अटीवरच अर्ज अडकू शकतो. काही देश थोडी सवलत देतात, तिच्या भरवशावर राहू नका. पहिला अर्ज केल्याच्या तारखेपासून इतर देशांत अर्ज करायला साधारण १२ महिने मिळतात. ही सोय १८८३ च्या पॅरिस करारातून आली, सुरुवातीला मुदत मात्र याहून कमी होती. पेटंटची मुदत बहुतेक ठिकाणी अर्जापासून २० वर्षं. दाखवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. मेव्हणा असला तरी.

आम्ही बादलीतल्या जंतुनाशकात सुती फडकी भिजवून पृष्ठभाग पुसतो. द्रावण अगदी मापानं करतो, तरी तपासणीत जंतुनाशक कमी भरतं. आमची माणसं चोरी करतात असा वरिष्ठांना संशय आहे. (एका रुग्णालयातील परिचारिका)

तुमच्या माणसांची आधी माफी मागायला सांगा.

हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. आमच्या एका ग्राहकासाठी सुती वाइप्सचा रोल बसवलेली बादली केली होती. झाकणातल्या फटीतून एकेक फडकं ओढायचं, दिसायला फार सुबक. महिन्याभरात तक्रार आली: जंतुनाशक किती आहे ते रंगानं दाखवणारी कागदी पट्टी फिकी येते. दोन आठवडे मी द्रावण मोजणाऱ्या पंपाच्या मागे लागले. पंप उघडला, झडप बदलली, पाण्याचा कडकपणा तपासला. शेवटी एका दुपारी वैतागून फडकंच पिळलं आणि त्या पिळलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. बादलीतल्या द्रावणाची पट्टी गडद, फडक्यातून आलेल्याची फिकट. चोर हातात होता.

तुमचं जंतुनाशक "क्वाट" जातीचं, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुगाचं असणार, बाटलीवर वाचा. त्याचे रेणू धनभारित असतात आणि ओल्या कापसाच्या तंतूंवर ऋणभार असतो. रेणू तंतूंना जाऊन चिकटतात आणि पृष्ठभागावर उरतं निम्मंशिम्मं पाणी. इथेही कापूस धरूनच बसतो. एरवी फडक्याच्या ज्या गुणाचं कौतुक करतो तो इथे उलटला, कारण या फडक्याला उचलण्याबरोबर काहीतरी द्यायचंही असतं.

उपाय दोन. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची न विणलेली फडकी आणा, किंवा तुमच्या सुती फडक्यांबरोबर चालणारं दुसऱ्या जातीचं जंतुनाशक घ्या. उत्पादकाला सरळ विचारा: "तुमची चाचणी कोणत्या कापडावर झाली?" उत्तर देताना चाचरला तर समजून जा. आणि नुसती बादली तपासू नका, पिळलेलं पाणी तपासा.

जाता जाता, फडकं चुरगळून धरू नका. दोन घड्या घातल्या की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू, एक पट्टा, मग घडी पालटायची. पृष्ठभाग बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओला राहिला पाहिजे. "वाळलं की झालं" हा गैरसमज.

माझं मायक्रोफायबरचं कापड सहा महिन्यांत मेणकट झालं. बोगस निघालं का?

नाही. तुम्ही कपडे मऊ करणारं द्रव्य घालून धुतलंत. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड एकत्र काढून ते तंतू पाकळ्यांसारखे चिरलेले असतात, आणि त्या चिरांमध्येच धूळ अडकते. मऊ करणारं द्रव्य चिरा बुजवतं. ते न घालता, सुती कपड्यांपासून वेगळं, दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. बऱ्यापैकी शुद्धीवर येईल.

मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात सफाईचं काहीतरी नवीन करायचं आहे, पण सर म्हणतात, झाडू-पोछ्यात शोधायला उरलंय काय?

सरांना माझा नमस्कार सांग, आणि काच पुसायचा वायपर दाखव.

१९३० च्या दशकापर्यंत काच पुसणारी माणसं जड लोखंडी वायपर वापरत. त्यात रबराच्या दोन पट्ट्या आणि ढीगभर स्क्रू असत, रबर बदलायचं तर अर्धा दिवस जायचा. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेला एत्तोरे स्टेकोनी स्वतः खिडक्या पुसून पोट भरत होता. त्यानं पितळेचा हलका वायपर केला, एकाच धारदार रबरी पट्टीचा, आणि १९३६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आजचे वायपर त्याचीच भावंडं आहेत. त्याला रसायनशास्त्र येत नव्हतं, मनगट दुखत होतं. आता तू जवळून बघ: नव्या रबराची कड चौकोनी असते, ती पाण्याचा पातळ थर काचेवरून कापत नेते. कड गोल झाली की पाणी तिच्याखालून निसटतं आणि ओघळ उरतात. रबर काढून उलटं लाव, दुसरी कड कोरी असते.

त्याआधी १८९३ मध्ये अमेरिकेत थॉमस स्टुअर्टनं मॉपचं पेटंट घेतलं. त्यात घाणेरडं डोकं काढून बदलता यायचं आणि दांडीच्या आधारानं पिळता यायचं. लिओ गेर्स्टेनझांगची गोष्ट तर प्रसिद्ध आहे. बायको दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून बाळाला पुसताना दिसली आणि १९२३ मध्ये त्यानं कापसाच्या काड्यांचा धंदा काढला. मला त्यात बायको जास्त आवडते. शोध तिनं लावला, यानं यंत्र लावलं.

तुझ्यासाठी काम असं: शाळेत सफाई करणाऱ्या मावशींबरोबर एक तास बस. बोलू नकोस, बघ. त्यांच्या दांडीला कुठे चिंधी बांधलेली असेल, कुठे रबर गुंडाळलेलं असेल, सुपलीच्या ओठाला चिकटपट्टी असेल. प्रत्येक चिंधी म्हणजे एक तक्रार आहे, जी कारखान्यापर्यंत पोचलेली नाही. सुपलीच्या ओठाखाली उरणारी धुळीची बारीक रेघ मला अजून पुरती जमलेली नाही. तुला जमली तर कळव. आणि प्रदर्शनातल्या फलकावर मावशींचं नाव लिही, विसरू नकोस.

डीएनए नमुन्यांचा संच बनवतो आहे. स्वॅब "निर्जंतुक" असल्याचं प्रमाणपत्र आहे. तेवढं पुरे ना?

नाही, आणि याचा फटका जर्मन पोलिसांना बसलेला आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे एका अज्ञात बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक ठिकाणी निघाला होता: खून, घरफोड्या, काहीही. पोलीस या बाईच्या मागे वर्षानुवर्षं धावले. मग एका पुरुषाच्या जुन्या अर्जावरच्या बोटांच्या ठशांतूनही हीच बाई निघाली, तेव्हा कुणाची तरी ट्यूब पेटली. २००९ मध्ये उलगडा झाला की तो डीएनए स्वॅब तयार करताना हात लागलेल्या एका कामगार बाईचा होता.

स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे जिवंत जंतू नाहीत, एवढंच. मेलेल्या पेशीतला डीएनए जागचा हलत नाही, आणि तो वाचायला पेशी जिवंत असावी लागत नाही. नुसतं किरणोत्सारानं निर्जंतुक करून तो पुरेसा जात नाही; इथिलीन ऑक्साइड वायूची प्रक्रिया जास्त उपयोगी पडते. २०१६ मध्ये यासाठी खास आयएसओ १८३८५ हे मानक आलं. पुरवठादाराकडे त्याचं प्रमाणपत्र मागा. जोडणी, पॅकिंग करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए त्यांच्या लेखी संमतीनं नोंदवून ठेवा, म्हणजे अनोळखी डीएनएचं असं भूत निघालं तर आपल्याच घरचं आहे का ते आधी तपासता येईल. आणि प्रत्येक खेपेतले काही स्वॅब न वापरता तसेच चाचणीला पाठवा. कोऱ्या स्वॅबमधून काही निघालं तर ती खेप कचऱ्यात.

एका वाचकानं पुरवणी प्रश्न म्हणून विचारलंय, माझी सगळ्यात फसलेली वस्तू कोणती. काडीवरची खाच. नमुना घेतल्यावर टोक कुपीत ठेवून काडी तिच्या तोंडाशी मोडता यावी म्हणून काडीला बारीक खाच असते. माझी खाच जरा खोल गेली. नाकाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीत काडी घातली, वळवली आणि टोक आतच राहिलं. नशीब, प्रतिकृती होती. पुढच्या वेळी उथळ केली, तर मोडताना इतका जोर लागला की काडी फटकन उडाली आणि टोकावरचा थेंब माझ्या चष्म्यावर. तिसऱ्या खेपेला काडी हवी तशी मोडली. पहिल्या खोक्यातल्या काड्या अजून माझ्या खणात आहेत. कीबोर्डच्या फटी साफ करायला त्या फार छान आहेत, फक्त वळवायच्या नाहीत.