पंख्याचा वेग वाढवण्याआधी

प्रश्न : मुलीचा पाच वर्षं जुना लॅपटॉप हल्ली फार तापतो. ऑनलाइन क्लास आणि एक्सेल एकदम उघडलं की पंखा जोरात आवाज करतो आणि थोड्या वेळात सगळंच रखडतं. पंख्याचा वेग वाढवणारं सॉफ्टवेअर सुचवाल का?
– एक पालक, चंद्रपूर

उत्तर : पंखा आधीच जिवाच्या आकांताने फिरतोय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. त्याला आणखी पळवून हाती फारसं लागणार नाही. कूलरच्या ताट्या धुळीने तुंबल्या की मोटर कितीही फिरवा, हवा येत नाही. इथेही तेच झालं असावं.

बाहेरची जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. तळाचं कव्हर काढून पंखा उचलला की पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पात्यांच्या मधे धूळ-केसांचा करडा पट्टा सापडतो. चिमट्याने धरला तर सलग निघतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायला दुरुस्तीवाल्याला सांगा. हवेने ती भलत्याच वेगाने फिरली तर बेअरिंग जातं. हे काम तुमच्यासमोरच करून घ्या.

आता चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांवरून ३८ वर गेली, तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण १३ अंशांनी जास्त तापतो. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. तुमचं ते रखडणं बहुधा हेच. म्हणून मुळात उष्णताच कमी निर्माण होऊ द्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्क्यांवरून ९९ करा. एवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवणारी सोय, बंद होतो आणि क्लास, एक्सेलला त्याची उणीव जाणवत नाही. काही नव्या मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या ॲपमधला शांत मोड निवडा. आणि लॅपटॉप गादीवर अजिबात नको, तळाची भोकं बुजतात.

राहिला पंख्याचा वेग. बऱ्याच लॅपटॉपांत तो मदरबोर्डवरची वेगळी चिप ठरवते. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स असेल तर वेगाच्या ० ते ७ अशा पायऱ्या हाताने लावता येतात. विंडोजसाठी ‘नोटबुक फॅनकंट्रोल’ आहे, पण त्यात नेमक्या तुमच्याच मॉडेलची फाइल असेल तरच हात लावा. दुसऱ्या मॉडेलची फाइल लादली तर पंखा बंदही पडू शकतो, आणि मुलीच्या अभ्यासाच्या मशीनवर असला प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साफसफाईच्या आधी आणि नंतर तेच काम चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं तापमान लिहून ठेवा. फरक दिसला नाही तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप) बदलून घ्या.