रस्त्याकडेचं झाड वाळलं, तर त्याच जागी पुन्हा त्याच जातीचं लावावं का?

गल्लीतली बाकीची झाडंही त्याच जातीची असतील, तर लावू नका. एकसारखी रांग देखणी दिसते खरी, पण एक कीड आली की अख्खा रस्ता उघडा पडतो. अमेरिकेत रस्त्याकडेला रांगेने लावलेल्या एल्म आणि ॲश या झाडांचं हेच झालं: आधी एल्मच्या बुरशीजन्य रोगाने आणि 2002 पासून ॲश पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने. असा धोका ओळखून अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्येच, ॲशची कीड येण्याआधी, एक ठोकताळा सुचवला होता: शहरातल्या झाडांत एका जातीची (species) 10 टक्के, एका प्रजातीची (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) 20 आणि एका कुळातली (family, म्हणजे अशा प्रजातींचा मोठा गट) 30 टक्क्यांहून जास्त नकोत.

निवड करताना रोप बघू नका, पूर्ण वाढलेलं झाड डोळ्यांसमोर आणा. वर विजेच्या तारा असतील तर बुटक्या जातीचंच घ्या, नाहीतर दरवर्षी शेंडा छाटला जातो आणि झाड कुरूप, कमकुवत होतं. जागा प्रशस्त असेल तर मात्र मोठंच लावा. सावली तेच देतं.

जुना बुंधा मुळांसकट निघाला नसेल तर खड्डा थोडा बाजूला घ्या. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गोळ्याहून खोल नको. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. खोल पुरल्यामुळे हळूहळू मेलेली झाडं बघून फार वाईट वाटतं, कारण ते सहज टाळता येतं. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका. आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे लावण्याआधीच ठरवा.