असला सिनेमा आवडणारी मुलगी पुढे कसला मुलगा निवडेल?

मुलीला एखादा चित्रपट वेड लागल्यासारखा आवडतो, म्हणजे आयुष्यातली तिची निवडही तशीच होईल का, हा प्रश्न किशोरवयीन मुलींचे पालक मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. सांगलीत विश्रामबागला माझे समुपदेशन केंद्र आहे. तेथे आलेल्या एका आईचा अनुभव तिच्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे मांडत आहे.

आई शिक्षिका, वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबनीस, घरात आजी आणि 16 वर्षांची मुलगी. मुलीच्या अकरावीसाठी तासगाव तालुक्यातले घर बंद करून सगळे सांगलीत भाड्याने राहायला आले होते. मुलगी ‘ट्वायलाइट’ हा इंग्रजी चित्रपट पुन्हा पुन्हा बघते, त्यातले संवाद तिला पाठ आहेत आणि त्याविषयी घरात कुणी वावगा शब्द काढला की ती ताटावरून उठते, अशी आईची तक्रार होती. “मॅडम, तो मुलगा रात्री न विचारता तिच्या खोलीत येतो आणि तिला झोपलेली बघत राहतो. हिला ते प्रेम वाटतं. उद्या क्लासमधला कुणी असाच मागे लागला, तर ही त्याला हिरोच समजणार ना?”

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टेफनी मायर यांच्या 2005 च्या कादंबरीवरून कॅथरिन हार्डविक यांनी 2008 मध्ये दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात, वडिलांकडे फोर्क्स या अमेरिकेतल्या पावसाळी गावी राहायला आलेली 17 वर्षांची बेला वर्गातल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. एडवर्ड व्हॅम्पायर आहे. 1918 च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना तो तसा झाला आणि तेव्हापासून 17 वर्षांचाच राहिला. माणसांऐवजी जनावरांच्या रक्तावर तो भागवतो आणि बेलाजवळ असताना त्याला स्वतःला सतत आवरावे लागते. प्रेक्षकांची मते पहिल्यापासून टोकाची आहेत. सुमारे 37 दशलक्ष डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 400 दशलक्षांच्या आसपास कमाई केली, आणि याच मालिकेतल्या 2012 च्या शेवटच्या भागाला वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटासाठीचा ‘रॅझी’ हा उपहासाचा पुरस्कारही मिळाला.

ही सगळी मते त्या एका घरात नांदत होती. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा मामेभाऊ एडवर्डला ‘उन्हात चमकणारं भूत’ म्हणून खिदळत असे; ‘मोबाइल काढून घ्या’ एवढेच वडिलांचे मत होते. आजींनी मात्र नातीकडून सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली होती. त्या म्हणाल्या होत्या, “पिंपळावरचा मुंजाच हाय की ह्यो. लगीन व्हायच्या आधी मेला, तेवढ्याच वयाचा ऱ्हायला. त्याला पोरगी कोण द्यायचं?” कथेचा गाभा इतक्या थोडक्यात पकडणारे मत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाही.

आईने स्वतः चित्रपट सलग पाहिलेला नव्हता. ये-जा करताना जे तुकडे दिसले त्यांवरून तिचे मत बनले होते. माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असे माणसांना वाटत असते, हे डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकी अभ्यासकाने 1983 मध्ये मांडले होते. या बाई स्वतः सुनेचा छळ आणि नवऱ्याची लफडी दाखवणारी मालिका रोज न चुकता बघत होत्या आणि त्यामुळे आपल्या संसाराचे काही बिघडेल अशी शंका त्यांच्या मनाला शिवलेली नव्हती. मी ते बोलून दाखवल्यावर त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, “पण मॅडम, मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. ती सोळाची आहे.” हा मुद्दा खरा होता, आणि मी तो मान्य केला.

मुलीशी मी एकटीशी बोलले. ‘हा चित्रपट तुला का आवडतो?’ असे मी सहसा विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला मुले समर्थनच देतात. कोणता प्रसंग तू सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन बघतेस, एवढेच विचारले. माझ्या मनात खोलीतला किंवा जंगलातला प्रसंग होता. सॅकची चेन उघडझाप करत ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “कॅन्टीनचा. पहिल्याच दिवशी तिला बरोबर जेवायला बसायला मुलं-मुली मिळतात. ती फारसं बोलतही नाही, तरी.”

कॉलेज सुरू झाल्यापासून ही मुलगी जिन्यात बसून एकटीच डबा खात होती. वर्गातल्या बहुतेकींची दहावीपासूनची ओळख होती, आणि हिच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलाची एकदा नक्कल झाल्यावर हिने तोंड उघडणेच बंद केले होते. चित्रपटाला कुणी हसले की ती ताटावरून का उठत होती, तेही येथे उलगडले. फारसे न बोलणाऱ्या, गावात नव्या आलेल्या मुलीची ती गोष्ट होती आणि हसणारा प्रत्येक जण तिला आपल्यालाच हसतो आहे असे वाटत होते. त्यातून मुलींना आवडणारा चित्रपट म्हटला की लोक जरा जास्तच मोकळेपणाने टिंगल करतात, हेही खरे आहे.

तरीही आईचा प्रश्न उरत होताच. तुझ्या वर्गातला मुलगा रात्री खिडकीतून आत आला तर तू काय करशील, असे मी विचारले. “सगळी गल्ली गोळा करीन,” ती म्हणाली. मग एडवर्डचे काय? “तो खरा नाहीये ना, मॅडम.” समजावण्याची पाळी तिच्यावर आली होती. पण एवढ्यावर मी विषय सोडला नाही, कारण तो प्रसंग चित्रपटात हळुवार म्हणून दाखवला आहे आणि आपल्याकडे 2013 पासून मुलीच्या मनाविरुद्ध तिचा पाठलाग करणे हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. अंगात एवढी ताकद असून एडवर्ड स्वतःला आवरतो, ते आपल्याला आवडते, असे तिने सांगितले. जोडीदाराविषयीची ही अपेक्षा मला मुळीच वाईट वाटत नाही. मात्र बेलासाठी काय चांगले हे तोच परस्पर ठरवतो, याकडे मी लक्ष वेधले तेव्हा तिने जोरात वाद घातला, आणि तो वाद आम्ही तसाच ठेवला.

मला काळजी केव्हा वाटली असती, हेही आईला सांगितले. खऱ्या ओळखीतला कुणी मुलगा तिचा मोबाइल तपासत असता, मैत्रिणी तोडायला लावत असता आणि ती त्याला ‘काळजी’ म्हणत असती, किंवा तिची झोप, भूक आणि अभ्यास ढासळत चालला असता, तर बोलणे चित्रपटावर थांबले नसते.

मी आईला एकच काम दिले. मुलीबरोबर बसून चित्रपट अखेरपर्यंत बघायचा, मध्ये टिप्पणी करायची नाही, आणि आक्षेप घ्यायचाच असेल तर तो एडवर्डवर घ्यायचा, मुलीच्या आवडीवर नाही. पुढच्या भेटीला त्या आल्या तेव्हा खिडकीच्या प्रसंगाविषयीचे त्यांचे मत तसूभरही बदललेले नव्हते आणि ते त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितलेही होते. मात्र त्यांच्या मनात रुतून बसले होते ते बेलाचे वडील. “पोलीसप्रमुख आहेत, लेकीसाठी गाडी घेऊन ठेवतात, जीव आहे त्यांचा. पण लेक काय काय सोसतेय याचा त्यांना पत्ता नाही. मी तिला विचारलं, तू दुपारी डबा कुणाबरोबर खातेस?”

वर्गशिक्षिकेशी आई बोलल्या. मुलगी एकांकिकेच्या गटात नाव देऊन आली, सुरुवातीला प्रकाशयोजनेच्या मदतीला; तालमीच्या दिवशी डबा जिन्यात खावा लागत नाही. चित्रपट अजून बघते, पूर्वीपेक्षा कमी. जाताना आईने मालिकेतले पुढचे भाग दाखवावेत का, असे विचारले. 2011 च्या भागात लग्न, गरोदरपण आणि अंगावर येणारी रक्तबंबाळ प्रसूती आहे, म्हणून आधी तो तुम्ही स्वतः पाहा, असे मी सांगितले. “आजींना घेऊन बसू का?” त्यांनी विचारले. मी अवश्य म्हटले.