हंपीसमोरचं आनेगुंदी हे गाव कसं आहे? त्याचा इतिहास काय?

हंपीला जाताना नदीपलीकडच्या आनेगुंदीसाठी वेळ काढावा का, असं विचाराल तर जरूर काढा. माझं तर म्हणणं, आधी आनेगुंदी बघा, मग हंपी. इतिहासाचा क्रमही तोच आहे.

गाव तुंगभद्रेच्या उत्तर काठावर, कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावती तालुक्यात आहे. चहूबाजूंनी ग्रॅनाइटचे डोंगर आणि एकावर एक रचल्यासारखे प्रचंड धोंडे. ते कुठून गडगडत आलेले नाहीत. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक भेगांतून झिजत गेला आणि जागच्या जागी असा सुटा झाला. राजांना इथे तटबंदी आयती मिळाली. डोंगरांमधल्या फटी तेवढ्या भिंती घालून बुजवायच्या होत्या.

१३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाच्या फौजेनं या भागातलं कंपिलीचं राज्य बुडवलं. नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यानं विजयनगरची हकिकत लिहिली, तिची सुरुवात आनेगुंदीच्या पाडावापासूनच होते. पुढे १३३६ मध्ये विजयनगर, म्हणजे आजची हंपी, उभं राहिलं, असं परंपरा सांगते. ते दक्षिण काठावर का, हे गावाच्या घाटावर उभं राहिलं की चटकन समजतं. शत्रू यायचा उत्तरेकडून, आधी दिल्लीचा, मग बहमनी. त्याच्या आणि राजधानीच्या मध्ये खडकाळ पात्राची ही नदी आडवी होती. १५२० च्या आसपास पाएस हा पोर्तुगीज प्रवासी आला, तेव्हा आनेगुंदी ही जुनी राजधानी असून आता इथे वस्ती थोडी आहे, असं त्यानं नोंदवलं. वेताच्या, चामडं मढवलेल्या, टोपलीसारख्या गोल होड्यांचंही त्यानं वर्णन केलंय. त्यांत पंधरा-वीस माणसं बसत आणि त्या सरळ न जाता गरगर फिरत. या हरिगोलू आजही आहेत, फक्त चामड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलंय.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नदीतलं नववृंदावन. बेटावर मध्वाचार्यांच्या परंपरेतल्या नऊ यतींची वृंदावनं, म्हणजे समाध्या, आहेत. मधोमध व्यासतीर्थांचं, ते १५३९ मध्ये गेले. कन्नड संतकवी पुरंदरदास त्यांचेच शिष्य. ‘पुरंदरविठ्ठल’ ही पुरंदरदासांच्या पदांतली नाममुद्रा ऐकली की मराठी माणसाला पंढरपूर आठवणारच. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, ही आपल्याकडची कथाही याच परिसराची.

आणखी एक दुवा कमी लोकांना माहीत असतो. निजामाच्या काळात आनेगुंदी हैदराबाद संस्थानात होतं, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच राज्यात, आणि समोरची हंपी इंग्रजांच्या मद्रास इलाख्यात. मधली नदी हीच सरहद्द.

अंजनाद्री या डोंगरावर गर्दी असते, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक पाचशेहून जास्त पायऱ्या चढतात. सूर्योदयालाच चढा. वरून भाताची हिरवी खाचरं आणि केळीच्या बागा दिसतात. विजयनगरकाळात काढलेल्या कालव्यांवर इथे अजून शेती होते, आणि माझ्या मते पडक्या महालांपेक्षा तो वारसा मोठा आहे. हाताशी आणखी दिवस असेल तर गंगावतीजवळच्या हिरेबेणकलला जा. तिथे डोंगरावर दगडी फरश्यांची शेकडो महापाषाणयुगीन स्मारकं आहेत, विजयनगरच्या कितीतरी शतकं आधीची.

पावसाळ्यात होसपेटच्या धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद होतात आणि नववृंदावनाला जाता येत नाही. म्हणून दिवाळीनंतर जा. होडी नको असेल तर बुक्कसागरच्या पुलावरून गाडीनं पलीकडे जाता येतं.